क्रॉल स्पेसमधली ओल: प्लास्टिक अंथरणं हे सातवं काम आहे, पहिलं नाही

घराखाली ओल आहे असं कळलं की बहुतेक जण प्लास्टिकची गुंडाळी आणतात, जमिनीवर पसरतात, कडांवर विटा ठेवतात आणि झडप लावून मोकळे होतात. वर्षभराने झडप उघडावी तर प्लास्टिकवर तळं साचलेलं आणि वरच्या तुळयांवर बुरशी. मग दोष प्लास्टिकला मिळतो. खरं तर ते चुकीच्या क्रमाने आलेलं असतं. पाणी यायचं थांबलेलं नसताना, लाकूड वाळलेलं नसताना वरून झाकण घातलं की ओल आतच कोंडली जाते.

तळमजल्याची लाकडी फरशी आणि खालची जमीन यांच्यामध्ये, रांगत जावं लागेल एवढी पोकळी असते, त्या जागेबद्दल, म्हणजे क्रॉल स्पेसबद्दल, हा लेख आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. एखादी पायरी तुमच्या घराला लागू नसेल तर ती तपासून मग वगळा, अंदाजाने वगळू नका.

## खाली उतरण्याआधी

पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड, चष्मा, एन-९५ मास्क आणि डोक्याला बांधायचा दिवा. हातातली बॅटरी इथे निरुपयोगी ठरते, कारण दोन्ही हात रांगण्यात गुंतलेले असतात. सोबत लाकडाची ओल मोजणारं दोन पिनांचं मॉइश्चर मीटर, हवेतली आर्द्रता मोजणारं एक हायग्रोमीटर, टोकदार स्क्रूड्रायव्हर, खडू आणि फोन घ्या. एकटे उतरू नका. वर झडपेपाशी कुणीतरी बसलेलं असावं.

सावधान: आत पाणी साचलेलं दिसलं तर उतरायचं नाही. आधी त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करा. पाण्यात लोंबकळणारी एखादी जुनी वायर वरून दिसत नाही. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण न दाबता बाहेर पडा. जुन्या घरात पाइपांवर पांढरट, भुसभुशीत गुंडाळण असेल तर त्यात फुप्फुसांना घातक असलेलं ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते ओढू नका, हलवूही नका.

## १. ओल कुठून येते ते आधी ठरवा

या पायरीला सगळ्यात कमी वेळ दिला जातो, आणि पुढचे सगळे चुकीचे खर्च इथूनच सुरू होतात. घराखाली ओल येण्याच्या वाटा चारच आहेत: बाहेरून वाहत येणारं पाणी, घरातली गळती, जमिनीतून वर येणारी वाफ किंवा भूजल, आणि पायाच्या भिंतीतल्या झरोक्यांतून आत येणारी दमट हवा. चौघांवरचे उपाय वेगळे. बऱ्याच घरांत दोन वाटा एकाच वेळी चालू असतात, म्हणून एक कारण सापडलं की शोध थांबवू नका.

आत गेल्यावर आधी नुसतं बघा. भिंतीवर पांढरी क्षारांची भुकटी असेल तर तिथून पाणी झिरपून वाळतं आहे. मातीत ओघळीसारखी रेघ असेल तर तिथून पाणी वाहतं. ती रेघ उलट दिशेने धरत गेलात की पाणी शिरण्याची जागा सापडते. ओल न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या बरोबर खालीच असेल तर संशय नळकामावर. सगळ्या तुळयांवर सारखीच पातळ बुरशी असेल तर बहुधा कारण हवा.

आता लाकूड मोजा. मीटरच्या पिना तुळयांमध्ये खुपसून किमान दहा-बारा ठिकाणचे आकडे घ्या: चारही कोपरे, जोत्यावर बसणारी लाकडी पट्टी, मधला भाग आणि न्हाणीघराखालची जागा. आकडा तिथेच खडूने तारखेसह लिहा. १६ टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड ठीक आहे. १६ ते १९ म्हणजे लक्ष ठेवायला हवं. २० च्या वर गेलं की धोका सुरू. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जम बसवायला साधारण २८–३० टक्के ओल लागते, पण २० च्या वर राहिलेलं लाकूड एका ओल्या हंगामात तिथवर पोचू शकतं.

जमीन की हवा, याची चाचणी: सुमारे दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक मातीवर सपाट पसरा, कडांवर माती दाबा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला असतील तर वाफ जमिनीतून येते. वरच्या बाजूला असतील तर हवेतली ओल थंड पृष्ठभागावर जमते आहे. दोन्हीकडे असतील तर दोन्ही. चाचणी कोरड्या आठवड्यात एकदा आणि दमट आठवड्यात एकदा करा. एकाच निकालावर निर्णय घेणाऱ्यांची हमखास फसगत होते.

## २. छपराचं आणि अंगणाचं पाणी घरापासून तोडा

साधा हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी पन्हळींतून खाली येतं. उतरता पाइप भिंतीच्या बुडाशीच संपत असेल तर हे सगळं पाणी पायाशेजारच्या मातीत ओतलं जातं. आत कितीही महागडं आच्छादन घाला, ते या पाण्याला पुरं पडणार नाही.

क्रम असा ठेवा. आधी पन्हळी साफ करा आणि त्यांचा उतार पाइपाकडेच आहे ना ते पाणी ओतून बघा. मग प्रत्येक उतरत्या पाइपाला जोड देऊन पाणी पायापासून निदान सहा फूट, जमल्यास दहा फूट लांब सोडा. मग माती. घराला लागून असलेल्या पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरती हवी, बाहेरच्या दिशेने. भर घालायला वाळू वापरू नका. वाळूतून पाणी सरळ खाली पायाकडे जातं. चिकणमातीचं प्रमाण असलेली माती थराथराने दाबून बसवा.

भर घालताना एक चूक फार होते: माती झरोक्यांच्या किंवा भिंतीच्या लाकडी आवरणाच्या वर चढवली जाते. माती आणि लाकूड यांत सहा इंच अंतर राहायलाच हवं. नाहीतर पाण्याचा प्रश्न सोडवताना वाळवीला जिना बांधून दिल्यासारखं होतं.

भिंतीला खेटून असलेली फुलझाडं आणि रोज ठरल्या वेळी सुरू होणारे स्प्रिंकलर हेही बघा. भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना एकच कोपरा ओला राहत असेल तर गुन्हेगार बहुधा तोच असतो.

पुढे जाण्याआधी: एक जोरदार पाऊस जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जाऊन बघा. या पायरीनंतर ओल इतकी उतरते की पुढची निम्मी यादी गळते, अशीही घरं असतात.

## ३. घरातली गळती दोन वेगवेगळ्या पद्धतींनी शोधा

दाबाच्या पाइपांसाठी पाण्याचं मीटर पुरतं. सगळे नळ बंद करा, आकडा लिहा, दोन तास कुणीही पाणी वापरू नका, पुन्हा बघा. आकडा हलला तर कुठेतरी गळतं आहे.

पण सांडपाण्याचे पाइप या चाचणीत सापडत नाहीत, कारण त्यांत पाणी असतं ते फक्त वापराच्या वेळी. मीटर हललं नाही म्हणून निश्चिंत झालेले लोक इथेच चुकतात. त्यासाठी एकाने खाली दिवा घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने वर एकेक गोष्ट चालवायची: शॉवर दहा मिनिटं, बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडायचं, कमोड तीन-चार वेळा फ्लश करायचा. कमोडचा बुडाशी बसणारा सांधा सैल असेल तर गळती इतकी बारीक असते की वरची फरशी कोरडी दिसते आणि खालची लाकडी फळी कुजत राहते.

कपडे वाळवण्याच्या यंत्राचा वाफ सोडणारा पाइप घराखाली संपतो आहे का, तेही बघा. एसीचं ठिबकणारं पाणी तिथेच सोडलेलं आहे का? दोन्ही थेट बाहेर न्यायला हवेत. थंड पाइपांना किंवा एसीच्या डक्टना घाम येत असेल तर ती गळती नव्हे. पुसून पाहिलं तर ओल एका सांध्यापाशी न येता पूर्ण लांबीवर परत येते. त्यांना सांधे नीट बंद करून इन्सुलेशन गुंडाळा.

## ४. तरीही पाणी आत येत असेल तर

पन्हळी, उतार आणि नळकाम दुरुस्त करूनही मोठ्या पावसानंतर आत पाणी दिसत असेल तर भूजल वर येतं आहे किंवा पायातून शिरतं आहे. इथे आतल्या बाजूने, भिंतीलगत चर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप घालतात, आणि तो सगळ्यात खोल कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे नेऊन पंपाने पाणी बाहेर टाकतात. पाइपाची छिद्रं खालच्या बाजूला ठेवायची. वर ठेवली तर चरातलं पाणी छिद्रांच्या उंचीला चढेपर्यंत पाइपात शिरतच नाही. खड्ड्याला घट्ट झाकण, पंपाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाला पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह आणि वीज गेली तर चालणारी बॅटरी हवी. वादळी पावसात वीज जाते, आणि पंपाची गरजही तेव्हाच असते.

चर पायाच्या तळाखाली खणू नका, पाया खचतो. इथे स्वतः हात घालण्याऐवजी जाणकाराला बोलवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

## ५. वाळवा, साफ करा, मग लाकूड तपासा

ओल्या लोंबकळणाऱ्या ग्लासवूलच्या गाद्या काढून टाका. त्या वाळवून परत लावण्यात अर्थ नाही. एकदा भिजलेलं ग्लासवूल उष्णताही नीट अडवत नाही आणि लाकडाला ओल्या फडक्यासारखं चिकटून राहतं. जमिनीवरचे लाकडाचे तुकडे, पुठ्ठे, बांधकामाच्या वेळचा राडारोडा सगळं बाहेर. कंटाळवाणं काम आहे, पण मातीत पुरलेला लाकडाचा एक तुकडाही वाळवीला पुरतो.

पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) लावून वाळवा, पण घाई करू नका. अनेक वर्षं दमट राहिलेलं लाकूड आठवड्याभरात खडखडीत वाळवलं तर वरच्या लाकडी फरशीला फटी पडतात आणि दारं चौकटीत बसेनाशी होतात. आर्द्रता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने खाली आणा.

बुरशी एक चौरस मीटरच्या आत असेल तर स्वतः काढता येते: आधी हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने, मग साबणाच्या पाण्याने ब्रश मारून, मग पुसून कोरडं. त्याहून जास्त पसरली असेल तर व्यावसायिक माणूस बोलवा. लाकडावर ब्लीच ओतण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो सोडून द्या. ब्लीचमधलं पाणी लाकडात मुरतं, डाग पांढरा होतो आणि काम झाल्याचा भास होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र आलं तर विषारी वायू तयार होतो, आणि अशा कोंडलेल्या जागेत ते जिवावर बेतू शकतं.

लाकूड वाळल्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येक संशयास्पद जागी दाबा. टोक सहज आत गेलं किंवा लाकूड चौकोनी तुकड्यांत मोडलं तर ते कुजलं आहे. अशा तुळईला शेजारी नवी तुळई जोडायची की ती बदलायची, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावं.

पुढे जाण्याआधी: सगळे खडूचे आकडे पुन्हा घ्या. एकही जागा १९ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. सगळ्यात जास्त लोक इथेच अधीर होतात.

## ६. झरोके उघडे ठेवायचे की बंद?

हवा खेळती ठेवली की ओल जाते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. कपड्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. घराखाली मात्र गणित वेगळं होतं. बाहेर ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू जवळपास २६ अंश असतो. म्हणजे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूला लागली की ती हवा पाणी सोडते. घराखालची माती, पाइप आणि डक्ट उन्हाळ्यातही बरेचदा २२–२३ अंशांवर असतात. अशा दिवशी उघडा झरोका ओल घेऊन येतो, आणि आत पंखा लावला तर आणखी वेगाने. बाहेरची हवा कोरडी असते त्या दिवसांत तोच झरोका वाळवण्याचं काम करतो.

त्यामुळे वर्षातले बरेच महिने दमट असणाऱ्या ठिकाणी झरोके कायमचे बंद करून, जमीन पूर्ण झाकून, आतली हवा यंत्राने कोरडी ठेवणं हा पक्का उपाय. कोरड्या हवेच्या ठिकाणी उघडे झरोके आणि जमिनीवर आच्छादन एवढ्यावर भागतं. तिसरा, अर्धवट पर्याय म्हणजे झरोके बंद पण जमीन उघडी किंवा हवा कोरडी करायची सोय नाही. तो दोन्हींपेक्षा वाईट, आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त दिसणारा.

सावधान: खालच्यापैकी काहीही असेल तर झरोके बंद करण्याआधी तज्ज्ञाला विचारा.

- घराखाली गॅसचा बॉयलर किंवा भट्टी आहे आणि ती तिथलीच हवा ओढते. झरोके बंद केले की तिचा धूर, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, आत कोंडू शकतो.
- घर पूररेषेत आहे. पुराचं पाणी आत-बाहेर जाऊ देणारी भोकं भिंती वाचवण्यासाठीच ठेवलेली असतात.
- जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येणारा भाग आहे. मोजणी करून घ्या. आच्छादनाखाली पाइप घालून वायू छपरावर सोडण्याची सोय याच वेळी करणं सोपं पडतं.

## ७. आता प्लास्टिक

साधं ६ मिल, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन वाफ अडवतं, पण त्यावरून कुणी रांगत गेलं की फाटतं. घराखाली यंत्रं असतील, प्लंबरची ये-जा असेल तर १२ ते २० मिलचं, आत जाळी विणलेलं शीट घ्या. जोडांना त्याच शीटसाठी बनवलेली टेप हवी. पुठ्ठ्याच्या खोक्यांची टेप दमट जागी काही महिन्यांत सुटते.

टोकदार दगड काढा, खड्डे बुजवा, आणि जमीन खडबडीत असेल तर आधी जिओटेक्स्टाइल कापड पसरा. शीट बाहेर मोकळ्या जागी मापाने कापून, क्रमांक टाकून मगच आत न्या. आत कापाकापी करायला गेलात तर कमरेचा काटा ढिला होतो. झडपेपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करा आणि झडपेकडे मागे सरकत या, म्हणजे अंथरलेल्या भागावर पुन्हा चढावं लागत नाही.

एक शीट दुसरीवर १२ इंच चढवा. टेप लावण्याआधी दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा. धुळीवर टेप बसत नाही. प्रत्येक खांबाभोवती शीट कापून वर गुंडाळा आणि बांधा. खांब सोडून दिले तर तेवढ्याच भोकांतून वाफ येत राहते.

भिंतीवर शीट वर चढवून सीलंटने चिकटवा आणि वरून पट्टी ठोकून पक्की करा. मात्र वरच्या लाकडाच्या तीन इंच आधी थांबा. ही उघडी पट्टी वाळवीच्या तपासणीसाठी असते. भिंतीवरून चढणारी मातीची नळी तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. आच्छादन थेट लाकडापर्यंत नेलं तर वाळवी त्यामागून वर पोचली तरी पत्ता लागत नाही.

दोन चुका वारंवार दिसतात. एक, प्लास्टिक तुळयांच्या खालच्या बाजूला ठोकणं. त्याने लाकूड पिशवीत बांधल्यासारखं होतं आणि वरून एकदा पाणी गळलं की ते तिथेच साचतं. प्लास्टिकची जागा जमीन आणि भिंत, तुळई नव्हे. दुसरी, मोठे खिळे मारून शीट जमिनीला ठोकणं. प्रत्येक खिळा एक भोक.

तपासणी: दिवा सपाट धरून प्रत्येक जोडावरून प्रकाश तिरका फिरवा. उचललेली टेप सावलीने लगेच ओळखू येते.

## ८. बंद केलेली हवा कोरडी ठेवा

झरोके बंद केले असतील तर ही पायरी ऐच्छिक नाही. झरोक्यांत घट्ट बसणारे फोमचे तुकडे कापून घाला आणि कडा सीलंटने भरा. पाइप-वायरींची भोकं आणि जोत्यावरच्या लाकडाच्या फटी बुजवा. झडपेला रबरी पट्टी लावा. सगळं बंद करून झडप मात्र तशीच फटींसह ठेवलेली घरं कमी नाहीत.

घरात वापरायचा छोटा डीह्युमिडिफायर इथे आणू नका. थंड हवेत त्याच्या नळ्यांवर बर्फ जमतो, आणि त्याची बादली रिकामी करायला रोज कोण रांगत जाणार? कमी तापमानात चालणारं, नळीने पाणी थेट बाहेर किंवा पंपाच्या खड्ड्यात सोडणारं यंत्र घ्या. ते ५० ते ५५ टक्क्यांवर लावा. ६० च्या खाली राहिलं की बुरशीला वाव मिळत नाही. ४० टक्क्यांपर्यंत उतरवून वीज जाळण्यात आणि लाकूड तडकवण्यात काही फायदा नाही.

## ९. पुढचं वर्षभर

हायग्रोमीटरचा सेन्सर खाली आणि आकडा दाखवणारा भाग वर घरात, अशी जोडी बसवा. रोज खाली जायला लागत असेल तर कुणी जात नाही. शीटच्या सगळ्यात सखल जागी पाणी लागताच वाजणारा अलार्म ठेवा. आता पाइप फुटला तर पाणी मातीत मुरण्याऐवजी शीटवर साचणार, त्यामुळे त्याची खबर लवकर लागायला हवी.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून दोनदा आत जा: खडूच्या जुन्या जागांवर मीटर लावा, जोड बघा, भिंतीवरची तीन इंची पट्टी बघा, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतो का ते बघा. डीह्युमिडिफायरचा फिल्टरही याच फेरीत धुवा. आर्द्रतेचा आकडा आठवडाभर ६० च्या वर राहिला आणि यंत्र चालू असेल तर त्याची क्षमता वाढवायच्या मागे लागण्याआधी पायरी १ पासून पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा पन्हळीचा एखादा जोड निसटलेला सापडतो.